सर रिचर्ड डॉल : धुराचा हिशेब मांडणारा माणूस
(द्वितीय वर्ष बी. ए., अर्थशास्त्र)

आमच्या घरी पहाटे कोंबड्याच्या आधी आण्णांचा खोकला उठायचा. तो उठला की आई चूल पेटवायची, आणि खोकला थांबायच्या आत आण्णा विडी पेटवायचे. आण्णा बाजार समितीत हमाली करतात. चौदाव्या वर्षी गुरे राखताना त्यांनी पहिली विडी ओढली. पुढे दिवसाला दीड बंडल लागू लागले. आई घरी विड्या वळते. म्हणजे विडी आमच्या घरात दोन वाटांनी आली. एका वाटेने चार पैसे आले, दुसऱ्या वाटेने खोकला आला. माझी अकरावीपासूनची फी आईने वळलेल्या विड्यांतूनच निघाली, हे येथे सांगितले नाही तर लेख अर्धा खोटा होईल.

गेल्या पावसाळ्यात आण्णांना पोते घेऊन फळी चढताना धाप लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि विडी सोडायला सांगितले. आण्णांनी मान हलवली व बाहेर पिंपळाखाली येऊन विडी शिलगावली. त्यांचे म्हणणे सरळ होते. तेहतीस वर्षे धूर आत गेला, आता सत्तेचाळिसाव्या वर्षी सोडून उपयोग काय? जळायचे ते केव्हाच जळून गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे काही अडले की घरातले सारे माझ्या तोंडाकडे बघतात. त्या दिवशी आईनेही पाहिले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तराचा धागा सापडला तो संख्याशास्त्राच्या तासाला. सहसंबंध हा भाग चालू होता. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे सर समजावून देत होते. मृगाच्या पावसाबरोबर छत्र्याही दिसू लागतात आणि बेडूकही ओरडू लागतात. पण छत्रीमुळे बेडूक ओरडला असे कोणी म्हणत नाही. मग कारण ठरवायचे तरी कसे? यावर सरांनी रिचर्ड डॉल हे नाव फळ्यावर लिहिले. तास संपल्यावर मी ग्रंथालयात गेलो, आणि पुढचे तीन महिने हा परदेशी म्हातारा माझ्या मानगुटीवर बसला तो बसलाच. मित्रहो, त्याचीच हकिकत येथे सांगायची आहे.

रिचर्ड डॉल यांचा जन्म २८ ऑक्टोबर १९१२ रोजी लंडनजवळच्या हॅम्प्टन या गावी झाला. वडील डॉक्टर होते, आई पियानो वाजवीत असे. पुढे वडिलांना मज्जासंस्थेच्या दुर्धर आजाराने गाठले आणि त्यांना व्यवसाय सोडावा लागला. शाळेत रिचर्डला गणिताचे वेड होते. केंब्रिजला जाऊन गणित शिकायचे हे त्याने ठरवून टाकले होते. पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेत एका पेपरच्या आदल्या रात्री ट्रिनिटी कॉलेजच्या कडक बिअरचे पेले जरा जास्त झाले आणि दुसऱ्या दिवशी पेपर बिघडला. हवी ती शिष्यवृत्ती हुकली. रागाच्या भरात त्याने गणित सोडले आणि वडिलांच्या इच्छेप्रमाणे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत नाव घातले. परीक्षा बिघडल्यावर आयुष्यच बिघडले असे समजणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. कारण सोडलेले गणित डॉल यांच्याकडे परत येणार होते, आणि ते औषधाच्या हाताला धरून येणार होते.

१९३७ साली ते डॉक्टर झाले. तो काळ इंग्लंडमध्ये बेकारीचा होता. १९३६ मध्ये जॅरो या गावचे दोनशे बेकार कामगार सुमारे साडेचारशे किलोमीटर चालत लंडनला आले. त्या मोर्चेकऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत विद्यार्थी डॉल होते. ते साम्यवादी विचाराचे होते. माणूस आजारी का पडतो याचे उत्तर त्याच्या राहणीत, घरात आणि कामाच्या जागी शोधले पाहिजे, ही दृष्टी त्यांना त्या वयातच आली असावी. पुढे दुसरे महायुद्ध आले. ते सैन्यात डॉक्टर म्हणून गेले आणि १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीतून जिवंत परतले. नंतर इस्पितळाच्या जहाजावर काम केले. युद्धाच्या अखेरच्या काळात त्यांना मूत्रपिंडाचा क्षय झाला आणि एक मूत्रपिंड काढून टाकावे लागले. तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती.

युद्धानंतर त्यांनी संशोधनाची वाट धरली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या प्राध्यापकांच्या संख्याशास्त्राच्या वर्गाला ते बसले आणि १९४८ साली हिल यांचेच सहकारी झाले. या हिल यांची गोष्ट आपल्या कला शाखेला सांगण्याजोगी आहे. त्यांनाही डॉक्टर व्हायचे होते. पण पहिल्या महायुद्धात क्षय झाला, दोन वर्षांहून अधिक काळ अंथरुणात गेला, आणि वैद्यकीचे दार बंद झाले. मग त्यांनी बिछान्यावर पडल्या पडल्या टपालाने अर्थशास्त्राची पदवी मिळवली. म्हणजे धूम्रपानाच्या शोधात जे दोघे पुढे जगप्रसिद्ध झाले, त्यांतला एक गणित हुकलेला डॉक्टर आणि दुसरा वैद्यकी हुकलेला अर्थशास्त्राचा पदवीधर.

त्यांच्यापुढे कोडे असे होते. इंग्लंड व वेल्समध्ये १९२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने ६१२ माणसे गेल्याची नोंद होती. १९४७ साली हा आकडा ९,२८७ झाला. पंचवीस वर्षांत पंधरा पट! कोणी म्हणे निदान सुधारले म्हणून आकडे वाढले. कोणी कारखान्यांच्या धुराकडे बोट दाखवी. खुद्द डॉल यांचा संशय नव्या डांबरी रस्त्यांवर आणि मोटारींच्या धुरावर होता. सिगारेटवर फारसा कोणाचा राग नव्हता, कारण त्या काळी तिकडे दर पाच पुरुषांतले चार तंबाखू ओढीत. डॉक्टर ओढीत, प्राध्यापक ओढीत, स्वतः डॉलही ओढीत. जे घरोघरी आहे ते डोळ्यांना दिसत नाही. आमच्या गल्लीत विडीविषयी नेमके हेच झाले आहे.

लंडनच्या वीस रुग्णालयांतील रुग्णांना प्रश्न विचारण्यात आले. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण, आणि त्यांच्याच वयाचे पण दुसऱ्या आजारांचे ७०९ रुग्ण. कोठे राहता, काय काम करता, घरात शेगडी कसली, आणि तंबाखू किती, केव्हापासून, कधी सोडली का, असे बारीक प्रश्न होते. हिशेब मांडला तेव्हा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त दोघे निघाले. तुलनेच्या ६४९ पुरुषांत असे २७ होते. आकड्यांत फरक लहान वाटेल, पण जो जितका अधिक ओढणारा तितका तो कर्करोगाच्या बाजूला अधिक सापडत होता. याहून बोलका पुरावा एका चुकीतून मिळाला. काही रुग्णांना आधी कर्करोग सांगितला गेला होता आणि पुढे ते निदान चुकीचे ठरले. त्यांच्या ओढण्याच्या सवयी पाहिल्या तर त्या कर्करोग नसलेल्यांशी जुळत होत्या. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचा पूर्वग्रह आकड्यांत शिरला नव्हता.

हा लेख ३० सप्टेंबर १९५० रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पण तो छापून येण्याच्या आधीच एक गोष्ट घडली होती, आणि माझ्या मते डॉल यांच्या चरित्रातली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे. अभ्यास पुरा व्हायच्या आतच, वाढत जाणाऱ्या तक्त्यांकडे बघून त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. तेव्हा ते सदतिशीच्या आसपास होते. त्यांना कोणी उपदेश केला नव्हता. स्वतः मांडलेल्या हिशेबापुढे त्यांनी मान तुकवली, एवढेच. आपल्यापैकी कितीजण आपल्याच गणिताचे उत्तर आपल्याला लागू करतात?

जग मात्र हलले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहॅम यांनीही असाच निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. यांतले इव्हार्ट्स ग्रॅहॅम हे नामांकित शल्यवैद्य. कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९३३ साली त्यांनीच केली होती. तेही सिगारेटचे शौकीन होते. पुरावा पटल्यावर त्यांनी सोडली, पण फार उशिरा, आणि १९५७ साली ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. सोडल्याने सगळेच वाचतात असे मी आण्णांना सांगू लागलो असतो तर या माणसाने मला अडवले असते.

१९५१ साली डॉल आणि हिल यांनी नवा घाट घातला. आजारी पडलेल्यांना मागचे विचारण्याऐवजी निरोगी माणसांना आज विचारायचे, आणि पुढे वाट पाहायची. यासाठी त्यांनी ब्रिटनमधल्या सुमारे साठ हजार डॉक्टरांना पत्रे पाठवली. डॉक्टरांची नोंद ठेवलेली असते, मेले तर ते कळते, आणि आपल्या सवयीबद्दल ते नीट सांगतील, हा हिशेब. सुमारे चाळीस हजार जणांनी उत्तर दिले. त्यांत ३४,४३९ पुरुष होते. पुढे काही काही वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा विचारले जाई, अजून ओढता का, सोडली असल्यास केव्हा. पहिला वृत्तांत २६ जून १९५४ रोजी आला. अडीच वर्षांच्या आतच सिगारेट ओढणाऱ्यांकडे मृत्यूचे पारडे झुकलेले दिसत होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी, इयन मॅक्लाउड यांनी, धूम्रपान व कर्करोग यांचा संबंध पत्रकारांपुढे मान्य केला. आणि ते सांगताना ते स्वतः एकामागून एक सिगारेट ओढीत होते. पिंपळाखालचे आमचे आण्णा काही जगावेगळे नव्हते तर!

येथे एक मोठा विद्वान आडवा आला. संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला आर. ए. फिशर हे नाव ठाऊक असते. पाइप ओढणाऱ्या फिशर यांनी आक्षेप घेतला की हा केवळ सहसंबंध आहे. एखाद्याच्या रक्तातच असे काही असेल की त्यामुळे त्याला सिगारेटही आवडते आणि कर्करोगही होतो. म्हणजे छत्री आणि बेडूक. तंबाखू व्यवसायाचे सल्लागार म्हणून ते काम करीत, हे खरे. पण आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. माझी त्या वर्गातली शंका हीच होती.

त्या आक्षेपाला उत्तर दिले ते सिगारेट सोडलेल्यांच्या शरीरांनी. रक्तात दोष असता तर सिगारेट सोडल्याने तो जायला नको. जो जन्मतःच घेऊन आला तो धूर बंद झाला म्हणून वाचायला नको. पण डॉल आणि हिल यांनी १९६४ साली दहा वर्षांचा हिशेब दिला तेव्हा दिसले ते उलटे. अभ्यासातील अनेक डॉक्टरांनी दरम्यान सिगारेट सोडली होती. देशभर फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढत असताना या डॉक्टरांत ते उतरत होते. सोडून जितकी वर्षे झाली, तितका धोका ओढत राहिलेल्यांच्या मानाने कमी. हिल यांनी १९६५ साली कारण ओळखण्याच्या नऊ कसोट्या मांडल्या, त्यांत हीही एक घातली की संशयित गोष्ट काढून घेतल्यावर रोग हटतो का ते पाहा. छत्र्या मिटल्या म्हणून बेडूक गप्प बसत नाहीत. धूर थांबला तेव्हा मात्र मरण मागे सरले. शरीर सावरते, हीच धूर दोषी असल्याची साक्ष ठरली. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही, कारण आण्णांच्या प्रश्नाचे उत्तर आणि सरांच्या प्रश्नाचे उत्तर एकच निघाले होते.

डॉल यांची कीर्ती वाढत गेली. १९६९ ते १९७९ ते ऑक्सफर्डला वैद्यकशास्त्राचे राजनियुक्त प्राध्यापक होते. १९७१ मध्ये सर झाले. १९७९ मध्ये तेथे सुरू झालेल्या ग्रीन कॉलेजचे पहिले प्रमुख झाले. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातील कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो हे त्यांनी १९५५ साली दाखवले. किरणोत्सर्गाच्या परिणामांवरही त्यांचे महत्त्वाचे काम आहे. चरित्र लिहिताना नुसती आरती ओवाळू नये, म्हणून हेही सांगतो की त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ साली, मोन्सँटो या रासायनिक कंपनीकडून ते अनेक वर्षे सल्ल्याचे मानधन घेत होते हे उघड झाले आणि त्यावरून मोठी टीका झाली. त्यांच्या बाजूच्यांनी असे सांगितले की असा पैसा ते कॉलेजला देत. वाचकांनी दोन्ही लक्षात ठेवावे. डॉक्टरांच्या अभ्यासाचे आकडे मात्र त्यामुळे हलत नाहीत. ते जगभर पुन्हा पुन्हा तपासले गेले आहेत.

त्या अभ्यासाचा पन्नास वर्षांचा हिशेब २६ जून २००४ रोजी, पहिल्या वृत्तांताला बरोबर अर्धे शतक झाले त्या दिवशी, त्याच नियतकालिकात छापून आला. डॉल तेव्हा ९१ वर्षांचे होते. रिचर्ड पीटो हे त्यांचे कितीतरी वर्षांचे सहकारी बरोबर होते. जन्मभर सिगारेट ओढणारे सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी जातात, हा त्यातला एक निष्कर्ष. दुसरा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडली तर जवळजवळ दहाच्या दहा. याआधी २००० साली पीटो, डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की ओढतच राहिलेल्या शंभर पुरुषांतले सुमारे सोळा पंचाहत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कर्करोगाने जाण्याचा धोका असतो. साठीत सोडली तर दहा, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत तीन, तिशीत दोन.

ही वर्षे शरीर देते कशी, हे मी जमेल तसे वाचून काढले. शेवटच्या झुरक्यानंतर वीसेक मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरू लागतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसलेला असतो. एक-दोन दिवसांत तो निघून जातो. निकोटिन दोन-तीन दिवसांत संपते, आणि नेमके तेच दिवस सर्वांत वाईट. चिडचिड होते, झोप उडते, हात खिशाकडे जातो. हा जोर साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. जेवणाची चव आणि वास परत येऊ लागतात. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला केसाळ लव असते. घाण वर ढकलण्याचे काम तिचे. धुराने ती लुळी पडलेली असते. ती पुन्हा हलू लागली की साचलेला कफ सुटतो, म्हणून सुरुवातीला खोकला वाढलेला वाटू शकतो. पुढे काही महिन्यांत खोकला आणि धाप कमी होतात. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो, आणि दहाएक वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहिलेल्याच्या निम्म्याजवळ उतरतो.

पण शरीर सगळेच परत देत नाही. १९७७ साली फ्लेचर आणि पीटो यांनी पश्चिम लंडनच्या कामकरी पुरुषांची आठ वर्षांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांना आढळले की फुप्फुसाची गेलेली ताकद सोडल्यावर फारशी परतत नाही. मात्र त्यानंतर ती न ओढणाऱ्याच्याच संथ गतीने उतरते, घसरगुंडी थांबते. जळाले ते जळाले, हे आण्णांचे म्हणणे इतपत खरे होते. उरले ते जळायचे थांबते, हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि २०२० साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी एक नवलाची गोष्ट दाखवली. सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत कधीच न ओढणाऱ्यासारख्या जवळजवळ निर्दोष पेशींचे प्रमाण ओढत राहिलेल्यांच्या चौपट होते. माणसे थोडीच तपासली होती, पण वणवा लागलेल्या डोंगरावर पहिल्या पावसानंतर मुळाशी कोंब फुटावेत तसे हे वाटले.

आण्णांनी यावर विचारले असते की हे सारे साहेबांच्या सिगारेटचे झाले, विडीचे काय? विडी पानाची, विडी गरिबाची, ती एवढी वाईट नसते, असा आपल्याकडे समज आहे. भारतात सिगारेटपेक्षा विडी ओढणारे अधिक आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ सालीच, डॉल लिहीत त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध मांडला होता. पुढे २००८ साली भारतभरच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही रिचर्ड पीटो होते. विडी ओढणाऱ्या पुरुषांचे सरासरी सहा वर्षांचे आयुष्य कमी होते, असे त्यात निघाले. पान असो की कागद, धूर तो धूरच.

डॉल यांची पत्नी जोन, त्याही डॉक्टर, २००१ साली गेल्या. त्यानंतरही ते कामावर जात राहिले. २४ जुलै २००५ रोजी ऑक्सफर्डमध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय ९२ होते. एक मूत्रपिंड क्षयाने नेलेले, आणि सिगारेट सदतिशीत सोडलेली. एका माणसाच्या आयुष्याने काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच जगाला शिकवले. म्हणून मी त्यांच्या दीर्घायुष्याचा पुरावा मानत नाही. पण ते वाचून बरे वाटले, हे खरे.

एका रविवारी जेवणानंतर मी वही घेऊन आण्णांपुढे बसलो. ते चौथीपर्यंत शिकले आहेत, पण हिशेबात पक्के. पोत्यांची मोजणी त्यांच्याकडून कधी चुकत नाही. मी तीन, सहा, नऊ, दहा हे आकडे सांगितले. पन्नाशीच्या आधी सोडली तर सहाच्या वर काहीतरी हाती लागते, हे त्यांनी आपणच ओळखले. ग्रॅहॅम यांची गोष्टही मी लपवली नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी काडेपेटी आईच्या चुलीजवळ ठेवून दिली.

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले असे नाही. पहिला आठवडा घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. दुसऱ्या आठवड्यात खोकला वाढला आणि पुस्तकी पोराने फसवले असे आण्णांना वाटले. तेव्हा त्या लवेची गोष्ट कामी आली. पंचविसाव्या दिवशी एका मयतीला गेले आणि तिथे दोन विड्या ओढून आले. ते त्यांनीच सांगितले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. हा लेख देतो आहे त्या दिवशी त्यांची मोजणी ७१ वर आली आहे. फळी चढताना अजून थांबावे लागते, आणि ती धाप सगळी जाणार नाही हे मला ठाऊक आहे. परवा मात्र कालवणात मीठ जास्त पडल्याचे त्यांनी आईला सांगितले. कित्येक वर्षांत त्यांनी कालवणाला नाव ठेवले नव्हते. आई रागावली नाही.

आई अजून विड्या वळते. आमच्या सुपात तंबाखू अजून आहे, आणि तिच्या हाताला दुसरे काम मिळेपर्यंत राहील. कोणा परक्या घरात त्या विड्या पेटतात आणि पहाटे कोणीतरी खोकते, हे मी आता विसरू शकत नाही. या प्रश्नाचे उत्तर डॉल यांच्या तक्त्यांत नाही. ते आपण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शोधायचे आहे.

मित्रहो, आपल्या कॉलेजच्या फाटकासमोरच्या टपरीवर मधल्या सुट्टीत जे उभे असतात, ते बहुतेक माझ्याच वयाचे आहेत. त्यांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. ज्याची फी विडीने भरली त्याने कोणत्या तोंडाने करावा? फक्त वहीच्या पहिल्या पानावरचा हिशेब सांगतो. तिशीच्या आत सोडणाऱ्याला गमावलेले जवळजवळ सारे परत मिळते. आपण एकोणीस-वीस वर्षांचे आहोत. आण्णांकडे सहा वर्षांचा सौदा होता आणि तोही त्यांनी सोडला नाही.